जोडरंग

तुमच्या घरचा फ्रिज दिवसातून किती वेळा उघडतो, हा डोंगरवार मॅडमनी मला विचारलेला पहिला प्रश्न. मी त्या दिवशी दवाखान्याच्या प्रयोगशाळेत टायपिस्ट म्हणून रुजू झालो होतो. नाव-गाव विचारतील, शिक्षण विचारतील, अशा तयारीनं खुर्चीच्या कडेवर बसलो होतो. गोंदियाजवळच्या आमच्या फुलचूरच्या घरी तेव्हा फ्रिजच नव्हता, आणि तसं मी सांगून टाकलं. मॅडमना ते आवडलेलं दिसलं.

"बरं आहे," त्या म्हणाल्या. "म्हणजे उघडाची सवय नाही."

मग त्यांनी मला कोपऱ्यातला पांढरा फ्रिज दाखवला. दाराला सुतळीनं एक वही बांधलेली होती. फ्रिज कोणी उघडला, किती वाजता, किती वेळ, हे तिच्यात लिहायचं. साहेब असो की झाडूवाली, सगळ्यांना एकच नियम. मला वाटलं, बाईंच्या डोक्यात काहीतरी फरक आहे. पुढं चार वर्षं मी त्यांच्यासमोर बसून काम केलं. फ्रिजच्या बाबतीत त्यांच्याइतकं शहाणं त्या इमारतीत दुसरं कोणी नव्हतं, हे कळायला मला बराच वेळ लागला.

दोन हजार सात-आठचा सुमार असेल. गोंदियातला तो दवाखाना एका धर्मादाय संस्थेचा होता. परदेशातल्या कुण्या देणगीदारानं तिथं वापरून झालेलं एक यंत्र दिलं होतं, सिकलसेलच्या मुलांचा अभ्यास करायला. फ्लो सायटोमीटर असं त्याचं नाव. आम्ही सगळे त्याला 'मोठी मशीन' म्हणायचो. रक्तातल्या पेशी एका बारीक धारेतून, एकामागून एक, निळ्या लेसरच्या उजेडासमोरून जायच्या. जाण्याआधी त्यांना चमकणारे रंग लावायचे. अमुक जातीच्या पेशीला अमुक रंग चिकटतो, तमुक जातीच्या पेशीला तमुक, आणि कोणती पेशी कोणत्या रंगात चमकली हे मशीन मोजते. सिकलसेलचा अभ्यास दोन वर्षांत आटोपला. मशीन तिथंच राहिली आणि ती चालवणाऱ्या डोंगरवार मॅडमही. मग आमच्याच दवाखान्यातले बालरोगतज्ज्ञ रक्ताच्या कॅन्सरची शंका असलेल्या पोरांचे नमुने त्यांच्याकडं पाठवायला लागले. नागपूरला जाण्याची ऐपत नसलेल्या माणसांना तेवढाच आधार.

मॅडम अर्जुनी मोरगावच्या पलीकडच्या गावच्या, कोहळी समाजाच्या घरातल्या. नागपूरला एम.एस्सी. करून पुण्यातल्या मोठ्या प्रयोगशाळेत सहा-सात वर्षं काढलेल्या. वडील गेले, आई एकटी पडली, म्हणून परत आल्या. लग्न केलं नव्हतं. चाळिशीच्या असतील. उंच, हाडकुळ्या, सुती साडी, मनगटावर पुरुषी घड्याळ. पुण्यात इतकी वर्षं राहूनही बोलणं गावचंच राहिलं होतं, आणि ते त्यांनी कधी लपवलं नाही. एखादा डॉक्टर चिठ्ठीवर तपासणी लिहून पाठवायचा, की मॅडम फोन उचलून पहिला शब्द म्हणायच्या, "काऊन?" म्हणजे, का? पोराला काय होते, किती दिवसांपासून होते, आधी कोणती औषधं दिली, हे सगळं ऐकल्याशिवाय त्या नळीला हात लावत नसत. डॉक्टर वैतागायचे. आमचे मोठे डॉक्टरसाहेब गावातले, हिंदीत बोलणारे. ते एकदा माझ्यासमोरच म्हणाले, "मॅडम, रंग ही तो लगाना है." मॅडमनी चष्मा काढून पुसला.

रंग लावायच्या आधी त्या तासन् तास बसायच्या, हे खरं. जुन्या कॅलेंडरची पानं उलटी करून त्यावर रंगीत पेन्सिलींनी रेघा, गोळे, बाण काढायच्या. एका नळीत जास्तीत जास्त चार रंग घालता यायचे, कारण आमच्या मशीनला तेवढेच ओळखता येत. चारच तर रंग, मग एवढा विचार कशाचा, असं मी एकदा विचारलं. मी वाणिज्य शाखेचा माणूस, त्यांना राग येईल असं वाटलं होतं. पण त्यांनी पेन्सिली माझ्यापुढं मांडल्या. हिरवा, नारिंगी, लाल आणि एक गडद लाल. हिरव्याचा उजेड थोडा नारिंगीच्या घरात सांडतो, नारिंगीचा लालच्या घरात. सांडलेला उजेड वजा करावा लागतो, आणि तो नेमका वजा झाला नाही तर नसलेली गोष्ट दिसते. "सोयरीक पाहताना पोरगा चांगला आहे म्हणून भागत नाही, शेजारपाजारही पाहा लागते," त्या म्हणाल्या. "तसं आहे हे."

दुसरं म्हणजे, पेशीवरच्या काही खुणा ढीगभर असतात, काही अगदी थोड्या. मोजक्या खुणेला सगळ्यात तेजस्वी रंग द्यायचा, भरपूर असणाऱ्या खुणेला फिका चालतो. हे सांगताना त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "ज्याचा आवाज बारीक, माईक त्याच्या हाती द्यावं. जो बोंबलते त्याले कायले पायजे?" शिकाऊ पोरी यायच्या, त्यांनाही हेच वाक्य. मला वाटतं, माणसांच्या बाबतीतही त्या तशाच वागायच्या. रांगेत मागं, भिंतीला टेकून उभ्या असलेल्या बाईला त्या आधी बोलवायच्या, आणि पुढं येऊन आवाज करणाऱ्याला बसवून ठेवायच्या.

चौथ्या रंगाला त्या 'जोडरंग' म्हणायच्या. तो एक रंग नसतोच. दोन रंग एकमेकांना चिकटवून केलेला असतो. पहिला निळा उजेड पकडतो आणि दुसऱ्याला देतो, दुसरा गडद लाल चमकतो. त्यांच्या गावच्या भाषेत सांगायचं, तर वरची बोडी, म्हणजे तळं, भरली की पाटानं पाणी खालच्या बोडीत जाते. पाट फुटला तर? तर वरच्याच बोडीचं पाणी शेजाऱ्याच्या बांधीत, धानाच्या शेतात, शिरते. तसं, जोड तुटली की पहिला रंग आपल्याच नारिंगी रंगात चमकायला लागतो, आणि मशीनला वाटतं, ही तर नारिंगीची खूण. जोड तुटते ती उन्हानं, उजेडानं, उष्णतेनं. आणि गोंदियाला यांपैकी काय कमी आहे, असं म्हणून त्या हसल्या होत्या. जोडरंगाच्या बाटल्या त्या छत्रीच्या काळ्या कापडात गुंडाळून ठेवायच्या.

भारनियमनाचे दिवस होते. उन्हाळ्यात लाईट गेली की मॅडम स्वतः मच्छीबाजारात जाऊन बर्फाचा तुकडा आणायच्या. तो थेट बाटल्यांना लावायचा नाही, रंग गोठला तरी मेलाच. म्हणून गमछ्यात बांधून फ्रिजच्या वरच्या खणात. त्या दिवसांत आमच्या प्रयोगशाळेला मासळीचा वास यायचा. डॉक्टरसाहेब शाकाहारी, ते नाकाला रुमाल लावून दारातूनच बोलायचे. ऑपरेशन थिएटरला जनरेटर होता. त्याची लाईन प्रयोगशाळेलाही जोडून द्या, असे तीन अर्ज मॅडमनी दिले. तिन्ही मीच टंकले. उत्तर एकाचंही आलं नाही.

एकदा व्यवस्थापकांच्या घरी काही कार्यक्रम होता, त्यांनी बासुंदीचं पातेलं आमच्या फ्रिजमध्ये आणून ठेवलं. मॅडमनी ते उचलून व्हरांड्यात ठेवलं, मे महिन्याच्या दुपारी. तीन वाजता व्यवस्थापक लालबुंद होऊन आले. मॅडमनी त्यांना बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि म्हणाल्या, "तुमची बासुंदी नासली ते तुम्हाले वासानं कळलं. माझा रंग नासला तर मला कळत नाही साहेब." व्यवस्थापकांनी ते सहा महिने सगळ्यांना उर्मटपणाचा नमुना म्हणून सांगितलं. मीही हसलोच होतो.

त्यांचं खरं कसब मी पाहिलं ते तीन महिन्यांच्या एका बाळाच्या वेळी. तिरोड्याकडचं बाळ. नर्सला शीरच सापडत नव्हती, कसंबसं अर्धा मिली रक्त निघालं. तेवढ्यात फार तर दोन नळ्या होणार, म्हणजे आठ रंग, आणि विचारायच्या खुणा पंधरा-सोळा. बाहेर आजोबा बसलेले, डॉक्टरांचे दोन फोन येऊन गेलेले. मॅडम कॅलेंडरच्या पानावर रेघा मारत होत्या आणि खोडत होत्या. तिसऱ्या फोनला त्यांनी सांगितलं, "कोणतं विचाराचं नाही, ते ठरवून राहिली मी." दीड तासानं त्यांनी दोन नळ्या लावल्या. निदान बरोबर निघालं. कॅन्सर नव्हता, एक संसर्ग होता, आणि बाळ बरं झालं. त्या दिवशी त्यांनी आम्हा सगळ्यांना पोहा-चना खाऊ घातला, आणि स्वतः दोन प्लेटी खाल्ल्या.

हे सगळं सांगितलं, कारण पुढचं जे सांगायचं आहे ते एखाद्या निष्काळजी माणसाच्या हातून झालं असतं तर मला इतकं लागलं नसतं.

मी रुजू झाल्याच्या तिसऱ्या वर्षी, मे महिन्यात मॅडमच्या आईला ताप आला, म्हणून शनिवारी दुपारी त्या गावी गेल्या आणि सोमवारी सकाळच्या गाडीनं परत आल्या. फ्रिजच्या वहीत रविवारचं पान कोरं होतं. त्यांनी विचारलं. शिपाई म्हणाला, कोणी उघडलाच नाही. ते खरंच होतं. फ्रिज हाताला थंड लागत होता. मंगळवारी बालरोगतज्ज्ञांकडून एका मुलीचं रक्त आलं. देवकी नाव, सात वर्षांची. दरेकशाच्या पुढं जंगलात एक टोला, छोटी वस्ती, आहे, तिथली. बाप मनिराम जंगलात मजुरी करायचा, तेव्हा तेंदूपत्त्याचा हंगाम होता. मुलगी पांढरी पडत गेली, अंगावर निळे डाग उठले, म्हणून आणलं होतं.

रक्ताचा कॅन्सर होता, याबद्दल शंका नव्हती. प्रश्न होता कोणत्या जातीचा. लहान मुलांत जो नेहमी आढळतो, त्याला औषधं आहेत, आणि बरीच मुलं बरी होतात. दुसरा एक असतो, त्यात एकाच पेशीवर दोन जातींच्या खुणा दिसतात. मिश्र म्हणतात त्याला. तो वाईट. हे ओळखायला मॅडमनी दोन्ही खुणा मुद्दाम एकाच नळीत घेतल्या, एक नारिंगीवर, दुसरी जोडरंगावर. कागदावर ती निवड अगदी बरोबर होती. नंतर नागपूरच्या लोकांनीही तसंच सांगितलं. मशीननं दाखवलं, त्याच पेशी दोन्हीकडं चमकतात. मॅडमनी दोनदा पाहिलं. अहवालातला तो लांबलचक इंग्रजी शब्द मी आधी कधी टंकला नव्हता, म्हणून त्यांनी मला स्पेलिंग लिहून दिलं. मी टंकला.

बालरोगतज्ज्ञांनी मनिरामला समोर बसवून सांगितलं की नागपूर-मुंबईला नेता येईल, पण आशा धरण्यासारखं फार नाही. मुलीला रक्ताच्या दोन बाटल्या दिल्या, ताप उतरला. तिसऱ्या दिवशी ते तिला घेऊन गावी गेले. हे मी खिडकीतून पाहिलं. मुलगी बापाच्या खांद्यावर होती आणि तिच्या हातात चिप्सची पुडी होती.

त्यानंतर अठरा-वीस दिवसांनी एका धडधाकट शिपायाचं रक्त मॅडम तपासत होत्या. मशीन ठीक आहे ना हे पाहायला अधूनमधून असं करावं लागतं. दुपारचे बारा वाजले असतील. त्या पडद्याकडं पाहत होत्या, आणि मग एकदम स्तब्ध झाल्या. निरोगी माणसाच्या पेशी दोन्ही रंगांत चमकत होत्या. तसं होऊच शकत नाही. त्यांनी देवकीची जुनी फाईल उघडली. तिच्या रक्तात ज्या थोड्या निरोगी पेशी उरल्या होत्या, त्या शोधल्या. त्याही दोन्ही रंगांत चमकल्या होत्या. त्या दिवशी त्यांच्याकडं पाहिलंच गेलं नव्हतं, सगळं लक्ष आजारी पेशींवर होतं.

"बिसेनभाऊ," त्यांनी मला विचारलं, "मी गावी गेली होती, त्या रविवारी लाईट होती?"

फुलचूरला दिवसभर नव्हती. मला चांगलं आठवत होतं. आम्ही सगळे अंगणातल्या कडुलिंबाखाली बसलो होतो. पण दवाखान्याची लाईन वेगळी आहे, असं मी धरून चाललो होतो. आणि सोमवारी मॅडमनी शिपायाला विचारलं, मला नाही. शिपायाला बोलावलं. तो म्हणाला, तारा तुटल्या होत्या, सकाळी गेली ती संध्याकाळी आली. पण फ्रिज कोणी उघडला नाही मॅडम, मी उघडू दिलाच नाही. हे तो अभिमानानं सांगत होता.

प्रत्येक तपासणीच्या आधी एकेक रंग एकटा लावून पाहायचा, म्हणजे जोड तुटली असेल तर लगेच दिसते, असा नियम आहे. तो त्यांनीच आम्हाला शिकवला होता. पण बाटलीत थोडंच उरलं होतं आणि नवी मागवलेली येत नव्हती, म्हणून त्या महिन्यात त्या आठवड्यातून एकदाच, शुक्रवारी, तसं पाहायच्या. पुढचे शुक्रवार एकदा सुट्टीत आणि दोनदा मशीन बंद असण्यात गेले. हे सगळं त्यांनी मला त्याच दुपारी सांगितलं, जणू मी तपास करायला आलो होतो. त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. फक्त हातातली पेन्सिल खाली ठेवायचं त्या विसरल्या होत्या.

डॉक्टरसाहेब म्हणाले, "बच्ची को दोबारा जाँच के लिए बुला लो. पुरानी रिपोर्ट की बात मत करो." मॅडमनी नवा अहवाल लिहिला. पहिला अहवाल चुकीचा होता, कारण रंग बिघडला होता, मुलीचा आजार नेहमीच्या जातीचा असण्याची दाट शक्यता आहे, ताबडतोब नव्यानं तपासणी व्हावी. डॉक्टरसाहेबांनी सही केली नाही. मॅडमनी एकट्यांनीच केली. पोस्टानं पाठवू का, असं मी विचारलं. जंगलातल्या टोल्यावर पोस्ट कधी पोचेल, आणि पोचलं तरी वाचेल कोण, असं म्हणून त्यांनी पिशवी उचलली. मी सोबत गेलो.

पॅसेंजरनं दरेकसा, तिथून चालत. जूनचा दमट उकाडा होता. वाटेत त्या एकदाही थांबल्या नाहीत. मनिरामचं घर टोल्याच्या शेवटी होतं, कुडाच्या भिंती, शेणानं सारवलेलं अंगण. देवकी अंगणात बसून चिंचोके दगडानं फोडत होती. दिलेल्या रक्तामुळं तिच्या चेहऱ्यावर थोडी तरतरी आली होती. मॅडम तिच्याकडं पाहत राहिल्या. मला वाटतं, ती इतकी बरी दिसेल याची त्यांनी तयारी केली नव्हती.

मनिरामनं खाट टाकली, पाणी दिलं. मॅडमनी सरळ सांगितलं की माझी चूक झाली, पोरीचा आजार वाटला होता तेवढा वाईट नाही, औषधं आहेत, उद्याच नागपूरला चला, मी सोबत येते. तो ऐकत होता. मग तो आत जाऊन आमचा जुना अहवाल घेऊन आला. प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट घडी करून ठेवलेला होता. दोन्ही कागद त्यानं मांडीवर ठेवले.

"तेवा तुमीच सांगतलं का काई उरलं नाई," तो म्हणाला. "आता तुमीच म्हनता का हाय. आमी कोनता कागद खरा मानाचा, बाई?"

आवाजात राग नव्हता. तो खरंच विचारत होता. मॅडम म्हणाल्या, दुसरा खरा. पहिल्या वेळी रंग बिघडला होता.

"कोनता रंग?"

"आम्ही रक्ताला रंग लावतो. तो रंग..."

"माझ्या पोरीच्या रगतात रंग टाकला तुमी?"

मॅडमनी समजावण्याचा प्रयत्न केला. रंग बाहेर लावतात, नळीत, काढून घेतलेल्या रक्ताला, मुलीच्या अंगात काही जात नाही. त्या झाडीबोलीत सांगत होत्या, हातानं दाखवत होत्या, अंगणातल्या मातीवर बोटानं नळी काढून दाखवत होत्या. जितकं जास्त सांगत होत्या, तितका मनिरामचा चेहरा मिटत गेला. मघापासून चुलीपाशी बसलेली देवकीची आई उठली, तिनं पोरीला चिंचोक्यांसकट कडेवर उचललं आणि घरात नेलं. दार लोटून घेतलं. चार रंगांतला फरक मला दहा मिनिटांत समजावणाऱ्या बाईला त्या दिवशी दोन तासांत एवढं एक सांगता आलं नाही. परतीच्या गाडीत त्या एवढंच म्हणाल्या की आपण कोणता शब्द वापराले पायजे होता.

दुसऱ्यांदा त्या एकट्याच गेल्या. घराला कुलूप होतं. तिसऱ्यांदा तिथं आरोग्याचं काम पाहणाऱ्या आशाताईला घेऊन गेल्या. तेव्हा मनिराम म्हणाला, पोरगी खेळते, जेवते, तिला आता टोचणं नको. देवकीचा आजा म्हणाला, देवाची पूजा बांधली आहे. मॅडम तिथं अंगणात संध्याकाळच्या गाडीपर्यंत बसून राहिल्या, असं आशाताईनं मला नंतर सांगितलं. नुसत्या बसल्या होत्या, आणि घरातलं कोणी त्यांना जा म्हणालं नाही.

आमच्या पहिल्या फेरीनंतर महिना उलटला, आणि मनिराम आपणहून दवाखान्यात आला. देवकीला कापडात गुंडाळून आणलं होतं. अंग भाजत होतं, नाकातून रक्त येत होतं. मॅडम तशाच उठल्या, अंगावरच्या साडीनिशी गाडीत बसल्या आणि त्यांना नागपूरला घेऊन गेल्या. तिथल्या मोठ्या रुग्णालयात नवी तपासणी झाली. आजार नेहमीचाच निघाला, बरा होणारा. मॅडमचा दुसरा अहवाल अक्षर अन् अक्षर बरोबर होता. औषध सुरू झालं. नवव्या दिवशी संसर्गानं देवकी गेली.

मधले दीड-दोन महिने वाया गेले नसते तर वाचली असती का, हे मॅडमनी तिथल्या डॉक्टरांना विचारलं. त्यांनी सांगितलं की असं मोजता येत नाही, लगेच आणलेल्या मुलांनाही संसर्ग होतो. त्यांनी ते दिलासा म्हणून सांगितलं असावं. मॅडमना त्यानं काही मिळालं नाही. वाचली असती म्हटलं तर सगळी चूक त्यांची, नसतीच वाचली म्हटलं तर नाही. हे अर्धं-अर्धं त्यांच्याजवळ राहिलं.

तेराव्याला त्या गेल्या. एकट्या जाऊ नयेत म्हणून मीही गेलो. मला वाटत होतं, कोणी शिव्या देईल, कोणी अंगावर येईल. मॅडमना, मला वाटतं, तेच हवं होतं. पण त्या लोकांनी आम्हाला पंगतीत बसवलं, पानं वाढली. देवकीची आई मॅडमच्या पानात दुसऱ्यांदा भात वाढून गेली. निघताना मनिराम आपल्या धाकट्या पोराला घेऊन आला. चार वर्षांचा असेल.

"याचं रगत तपासाचं का, बाई?"

मॅडम म्हणाल्या, गरज नाही, हा आजार भावंडांत असा सहसा येत नाही.

"पक्कं?"

इतकी वर्षं मी त्यांना डॉक्टरांशी, व्यवस्थापकांशी, मशीन दुरुस्त करायला आलेल्या इंजिनिअरशी बोलताना ऐकलं होतं. जे माहीत होतं ते त्या ठासून सांगायच्या. आणि हे त्यांना माहीत होतं. त्या पोराच्या डोक्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या. शेवटी मीच म्हणालो, पक्कं. मला त्यातलं काय कळत होतं?

त्यानंतर दवाखान्यात कोणी काही बोललं नाही. चौकशी झाली नाही, नोटीस आली नाही. मॅडमनी स्वतःच्या चुकीचा सविस्तर अर्ज लिहून डॉक्टरसाहेबांना दिला, तोही मीच टंकला. तो त्यांच्या ड्रॉवरमध्ये गेला. जनरेटरची लाईन मात्र पुढच्या वर्षी जोडून मिळाली, कारण शेजारच्या खोलीत विश्वस्तांच्या बैठकीसाठी एसी बसला. मॅडम आता प्रत्येक नमुन्याआधी सगळे रंग एकेकटे लावून पाहायच्या. बाटल्या लवकर संपायच्या. डॉक्टरसाहेब म्हणायचे, एवढा माल तपासण्यात जातो तर तपासणी कधी करणार? त्यांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. अहवालाला उशीर व्हायला लागला. एखाद्या अहवालावर सही करायची असली की मॅडम तो घरी नेऊन दुसऱ्या दिवशी आणायच्या. बालरोगतज्ज्ञ हळूहळू नमुने नागपूरलाच पाठवायला लागले. शिकाऊ पोरी येत, त्यांना त्या सगळं शिकवत. पण ते माईकचं वाक्य त्यांच्या तोंडून मी पुन्हा ऐकलं नाही.

दीडेक वर्षानं मशीनवर कापड टाकलं गेलं. मॅडमनी राजीनामा दिला आणि गावी आईजवळ गेल्या. तिकडच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात प्रयोगशाळा सांभाळायची नोकरी मिळाली असं कानावर आलं. निरोपसमारंभ त्यांनी होऊ दिला नाही. मीही नंतर नागपूरच्या एका प्रयोगशाळेत लागलो, तिथं तीन लेसरचं यंत्र होतं.

शेवटचं मी त्यांना पाहिलं ते अर्जुनी मोरगावच्या फलाटावर. मी चांद्याहून पॅसेंजरनं परत येत होतो. गाडी थांबली, आणि खिडकीसमोरच त्या उभ्या होत्या, उलट्या दिशेच्या गाडीची वाट पाहत. केस पूर्ण पांढरे झालेले. मी हाक मारली. त्यांनी ओळखलं, जवळ आल्या, आधी माझ्या बायकोची आणि पोरीची चौकशी केली. आई गेली, असं सांगितलं. कुठं निघालात विचारलं, तर वडशाला, काहीतरी काम होतं.

गाडी दोन मिनिटं थांबते. त्यांना बरं वाटेल म्हणून की काय कोण जाणे, मी म्हणालो, "मॅडम, आता तसे रंग निघाले आहेत म्हणे, जोडीचे नाही, एकटेच. उष्णतेनं इतके लवकर बिघडत नाहीत. आमच्याकडं वापरतात."

"निघाले," त्या म्हणाल्या. "मी वाचलं. त्याले जांभळा लेसर लागते. आपल्याजवळ निळाच होता."

म्हणजे त्यांनी तेही पाहून ठेवलं होतं. महाविद्यालयातल्या नळ्या-शिश्या सांभाळता सांभाळता, त्या गावात बसून, कुठून कुठून वाचून. मी काही म्हणणार तोच गाडी हलली. त्यांनी खिडकीच्या गजाला धरलेला हात काढून घेतला आणि म्हणाल्या, "पोरीले सायन्स घेऊ द्या हो, भिऊ नका." मग त्या मागं सरकल्या, पिवळ्या रेघेच्या आत, आणि त्यांची गाडी ज्या बाजूनं यायची होती तिकडं तोंड करून उभ्या राहिल्या.